कानाबाहेरचा बास

माझं पोट हेडफोनवर चालतं. गिरगावात खोताच्या वाडीला लागून एका जुन्या लाकडी घराच्या माडीवर आमचा छोटा स्टुडिओ आहे. तिथे लोक पुस्तकं वाचून रेकॉर्ड करतात आणि मी ती शब्दन् शब्द ऐकून चुका काढते. वाचणाऱ्याने कुठे आवंढा गिळला, कुठे खुर्ची करकरली, कुठे खालून टेम्पो गेला, हे सगळं मला सापडतं. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका ऐकून ऐकून माझा स्वभाव थोडा किरकिरा झाला आहे, असं आमच्या घरी सर्वांचं मत आहे. मला ते मान्य नाही. मी आधीपासूनच तशी होते.

बासच्या, म्हणजे गाण्यातल्या खालच्या, घुमणाऱ्या सुरांच्या बाबतीत तर मी फारच किरकिरी आहे. ज्या हेडफोनच्या डब्यावर मोठ्या अक्षरांत बास लिहिलेला असतो, तो मी घेत नाही. ज्या हॉटेलाच्या पाटीवर ‘घरगुती चव’ लिहिलेलं असतं तिथेही मी जेवत नाही. असल्या हेडफोनमध्ये बास सगळ्या गाण्यावर सारखा ओतलेला असतो, वरणावर पाणी वाढवावं तसा. ढोलकी असो, तबला असो, नाहीतर नुसता बोलणारा माणूस असो, सगळ्यांनाच सर्दी झाल्यासारखी वाटते.

पण इथवर यायला माझं अख्खं तारुण्य गेलं. कॉलेजात होते तेव्हा डोक्यावरून पट्टी आणि कानांवर काळा स्पंज, असले हेडफोन असायचे. त्यात बास एका बाजूने शिरायचा आणि स्पंजातून पळून जायचा. दोन्ही हातांनी स्पंज कानावर दाबून धरला की थोडा सापडायचा, म्हणून मी अभ्यासाच्या नावाखाली तासन् तास डोकं धरून बसायची आणि आईला वाटायचं, पोरीला गणित झेपत नाही. पुढे दादर स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून घेतलेले कडक प्लास्टिकचे आले. त्यांनी कान दुखायचे आणि बासची नुसती बातमी यायची. मग रबराची टोकं असलेले आले, कानाच्या भोकात घट्ट बसणारे, आणि पहिल्यांदाच मला कळलं की बास हा सगळा फटींचा मामला आहे. रबर नीट बसलं तर डोक्याच्या मधोमध कुणीतरी गादी आपटतंय असं वाटतं. केसभर फट राहिली की सगळं ओसाड. माझा डावा कान उजव्यापेक्षा अरुंद आहे, हे मला त्यांच्यामुळेच समजलं. तोटा एवढाच की ते घालून चाललं तर स्वतःचं प्रत्येक पाऊल धप्प वाजतं आणि चकली खाल्ली तर डोक्यात चक्की चालू होते.

स्टुडिओत मी मोठे, अख्खा कान झाकणारे हेडफोन वापरते. बंद पाठीच्या हेडफोनात बास बंद खोलीत वाजल्यासारखा येतो, गोल आणि जरा लाडावलेला. पण चष्मा घातला की काडीच्या बाजूने तो गळतो, आणि चष्म्याशिवाय मला पान दिसत नाही. उघड्या पाठीच्या हेडफोनात बास कमी असतो पण खरा असतो. तबल्यावर बोट आधी लागलं की तळवा, कातडं ओलं आहे की कोरडं, हेसुद्धा कळतं. फक्त शेजारच्या माणसालाही सगळं कळतं. या दोन प्रकारांवरून माझं आणि आमच्या स्टुडिओच्या मालकाचं इतक्यांदा वाजलंय की आता आम्ही तो विषय जेवणाच्या वेळी काढत नाही.

बासची ही चटक मला कुणी लावली, ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. आमच्या बाबांनी.

बाबा आमच्या लालबागच्या इमारतीतल्या भजन मंडळात पखवाज वाजवतात. माझ्या जन्माच्या आधीपासून वाजवतात. नोकऱ्या त्यांनी बऱ्याच केल्या, आधी गिरणीत, मग एका औषध कंपनीत पॅकिंगला, मग एका सोसायटीच्या ऑफिसात. पण कुणी विचारलं की तुमचे वडील काय करतात, तर आम्ही भावंडं पखवाजच सांगायचो. जुनी चाळ पडून तिथे टॉवर आला तरी मंडळ टिकलं. आता दर गुरुवारी संध्याकाळी तळमजल्यावरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये भजन होतं. ज्यांना चाळीच्या पायऱ्या झेपेनाशा झाल्या होत्या ते सगळे आता लिफ्टने भजनाला उतरतात.

पखवाजाच्या उजव्या तोंडावर काळी शाई असते. ती बाजू हातोडीने ठोकून सुरात लावायची. डाव्या तोंडावर शाई नसते. तिथे वाजवायच्या आधी ओली कणीक थापतात आणि वाजवून झालं की खरवडून काढतात. ही डावी बाजू म्हणजे धूम. कणीक नसेल तर ती पत्र्यासारखी वाजते. कणीक बेताची बसली की असा आवाज निघतो की ऐकणाऱ्याच्या पोटात काहीतरी सुखाने खाली बसतं. कणीक जास्त झाली की आवाज मरतो. त्यामुळे दर गुरुवारी आमच्या घरी पोळ्यांच्या आधी एक गोळा पखवाजासाठी निघतो. आईने लग्न झाल्यापासून तो बाजूला काढला आहे. पाहुण्यांना पोळी कमी पडली तरी चालेल, पण पखवाजाच्या गोळ्याला हात लावायचा नाही, असा तिचा नेम आहे, आणि याच नेमावरून ती बाबांना आयुष्यभर टोमणेही मारत आली आहे. तिच्या मते तिला एक सवत आहे आणि ती रोजच्या रोज नाही, फक्त गुरुवारी जेवते.

गेल्या वर्षी सवतीची भूक वाढली.

हे आधी आईच्याच लक्षात आलं. पूर्वी लिंबाएवढा गोळा पुरायचा. आता बाबा पेरूएवढा मागायला लागले होते, आणि तो घेऊन खाली गेल्यावर पुन्हा वर फोन करायचे की अजून थोडी पाठव. विचारलं तर म्हणायचे, हल्लीच्या पिठात काही दम नाही, कातड्याला धरतच नाही. आईने चक्की बदलली. मग बाबांनी कातडं बदललं. दादरला जाऊन डावी पुडी नवी बसवून आणली आणि येताना आईसाठी केळफूल घेऊन आले, म्हणजे खर्चाबद्दल काही बोलू नये. नव्या पुडीलाही पेरूएवढीच कणीक लागली. आई एकदा ‘नाचता येईना’ एवढं म्हणाली आणि तिथेच थांबली. बाबांच्या वाजवण्याबद्दल ही म्हण पुरी करायला तिची जीभ धजली नाही.

मी त्या काळात गुरुवारी उशिरा घरी यायची, त्यामुळे मला भजनाचं शेवटचं टोक तेवढं लिफ्टच्या दारात ऐकू यायचं. एकदा लवकर आले आणि हॉलच्या मागच्या खुर्चीवर बसले. पहिल्या अभंगालाच मला फरक कळला. उजवा हात तसाच होता, स्वच्छ, बोलका. डाव्या हाताला मात्र आवाजच नव्हता. गादीवर मूठ मारावी तसं थप्प, थप्प. हात बरोबर जागी, बरोबर वेळी पडत होता, पण धूम नव्हती. आणि बाबा मांडीतला पखवाज गुडघ्याने घट्ट दाबून, मान खाली घालून वाजवत होते. मी त्यांना असं बसून वाजवताना कधी पाहिलं नव्हतं.

मी आजूबाजूला पाहिलं. झांजा वाजवणारे बाबांच्या हाताकडे बघून वाजवत होते, कानाने नाही. बुवा म्हणजे आमचे मुख्य गायक, ते दर कडव्याला बाबांकडे सरकत होते. कोणाच्याही चेहऱ्यावर काही नव्हतं. अळीमिळी गुपचिळी. भजन संपल्यावर सगळ्यांनी बाबांना नेहमीसारखा पायांना हात लावून नमस्कार केला आणि पोहे खाल्ले.

हे बुवा बाबांपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. चाळीत असताना ते बाबांच्या शेजारी बसून ताल शिकले. त्यामुळे मंडळात बुवा तेच असले तरी बाबांसमोर ते अजून पोरासारखे बसतात. त्यानंतरच्या रविवारी ते आमच्या घरी आले, चहा घेतला, दोन कोकमं जास्त असलेली सोलकढी प्यायले, हवापाण्याबद्दल बोलले आणि निघाले. मी त्यांना लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्ट येऊन गेली तरी ते आत शिरेनात.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. परळला आमच्या मंडळाची डबलबारी ठरली होती. डबलबारी म्हणजे दोन भजनी बुवांची जुगलबंदी, एक म्हणतो, दुसरा उत्तर देतो, आणि ऐकायला अख्खं परळ-लालबाग लोटतं. अशा ठिकाणी पखवाज लंगडा पडला तर बुवा कितीही चांगला असो, मंडळाची लाज जाते. मंडळातल्या काहींनी चिंचपोकळीच्या एका पखवाजवाल्याला विचारूनही ठेवलं होतं. पण बाबांना कुणी सांगायचं? मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला कुणीच तयार नव्हतं. काहींचं मत पडलं की तारीखच बाबांपासून लपवावी. बुवांना ते पटत नव्हतं आणि स्वतः तोंड उघडण्याचंही धाडस नव्हतं.

“ताई, तुम्ही आवाजाचंच काम करता,” ते म्हणाले. “कान सोनारानेच टोचलेले बरे. मी बोललो तर त्यांचा हातच उठायचा नाही पुन्हा.”

मी घरात आले तेव्हा बाबा टीव्ही बघत होते. आवाज एवढा मोठा की खालच्या मजल्यावरची माणसंही तीच बातमी ऐकत असावीत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यांचा हात बिघडला नव्हता. त्यांना धूम ऐकूच येत नव्हती. ऐकू येत नाही म्हणून ते कणीक वाढवत होते, कणीक वाढली की आवाज आणखी मरत होता, मग आणखी कणीक. तुम्ही म्हणाल, एवढं ऐकू येत नसताना घरच्यांना कळलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. लालबागमध्ये हळू कुणी बोलतच नाही. इथे कमी ऐकू येणारा माणूस वर्षानुवर्षं सुखाने निभावून नेऊ शकतो.

मला राग आला. पिठावर, मंडळावर, स्वतःच्या उशिरा घरी येण्यावर, सगळ्यावर. आणि त्या रागाखाली भीती होती. पखवाज काढून घेतला तर या माणसाचं काय उरेल, ही. बाबांना देवळात जाण्याचा नाद नाही, पत्त्यांचा नाही, मोबाइलवर व्हिडिओ बघण्याचा नाही. ते सहा दिवस गुरुवारची वाट बघतात आणि गुरुवारी जगतात.

पुढच्या भजनाला मी स्टुडिओतला चांगला रेकॉर्डर नेला आणि अख्खं भजन उतरवून घेतलं. बाबांना सांगितलं, संग्रही असावं म्हणून. ते खूश झाले. कणीक त्या दिवशी त्यांनी जरा जास्तच लावली, रेकॉर्डिंग आहे म्हणून.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी माझे सगळे हेडफोन पलंगावर मांडले. माझा बेत साधा होता. त्यांनी स्वतःच ऐकावं, स्वतःच ओळखावं. मला बोलावं लागू नये, म्हणून रेकॉर्डिंग कुठलं तेही मी सांगितलं नाही. म्हणजे घंटा मीही बांधणार नव्हते, रेकॉर्डरकडून बांधून घेणार होते.

आधी मोठे बंद पाठीचे दिले. बाबांनी ते टोपी घालतात तसे दोन्ही हातांनी घातले, डोळे मिटले आणि थोड्या वेळाने काढून ठेवले. म्हणाले, लांबून येतंय, समुद्रापलीकडून आल्यासारखं, आणि ह्यात धूम नाही. मी आवाज वाढवला. म्हणाले, झांजा टोचतात, धूम नाही. मग रबरवाले दिले. ते त्यांच्या कानात राहीनात. मी तिन्ही मापाची रबरं लावून पाहिली. राहिले तेव्हा म्हणाले, कानात पाणी गेल्यासारखं होतंय. उघड्या पाठीचे दिले, माझे सगळ्यांत लाडके. त्यातून तर मला समोर बसून भजन ऐकू येत होतं, आई स्वयंपाकघरातून टाळ्या द्यायला लागली, आणि बाबा शांतपणे म्हणाले की हे चालू कर.

“एवढे म्हाग आणि धूम नाय?” त्यांनी एकेक हेडफोन उचलून बघितला. “फसवल्यानी गो तुका.”

मला हसू यावं की रडू, कळेना. पलंगावर एकच डबा उघडायचा राहिला होता. त्यात कानात न घालायचा हेडफोन होता. तो कानाच्या पुढे, कानशिलाच्या हाडावर टेकतो आणि हाडातून आवाज आत पाठवतो. आमच्या मालकाने सकाळी धावताना गाड्यांचे हॉर्नही ऐकू यावेत म्हणून घेतला आणि मग धावणंच सोडलं, म्हणून तो माझ्याकडे पडून होता. मी तो एकदा लावून पाहिला होता आणि माझं मत फार वाईट झालं होतं. बास नावालाही नाही. खालचा सूर आला की कानशिलाला नुसत्या गुदगुल्या होतात. फक्त दोन्ही कान बोटांनी बंद केले की थोडा बास गोळा होतो. कान बंद करून ऐकायचा हेडफोन काय कामाचा, असं म्हणून मी तो डब्यात टाकला होता.

मी तो बाबांच्या कानशिलांवर बसवला, चष्म्याच्या काड्या वर सरकवल्या, आणि दुसरा अभंग लावला.

बाबा हलले. म्हणजे दचकले नाहीत, पण सगळं अंग सावध झालं. मान वर आली. डोळे उघडे होते पण बघत कुठेच नव्हते. उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली, बोलांबरोबर, अगदी नेमकी. डावा हात मात्र उचलला आणि वरच राहिला. एक अख्खं कडवं तो तसाच हवेत होता. मी त्यांना इतकं लक्ष देऊन ऐकताना किती वर्षांनी पाहत होते, देव जाणे. मला वाटलं, त्यांना आवडतंय.

“ह्यो कोण वाजवता?” त्यांनी विचारलं.

मी आवाज जरा वाढवला.

“उजवो हात बरो हा. पण डाव्याक आवाज नाय गो. कोणी शिकवल्यान ह्याका? इतकी कणीक कोण लावता?”

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पुसायचं फडकं होतं. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं नसतं तर बाबांनी त्या बिचाऱ्या अनोळखी माणसाचे आणखी वाभाडे काढले असते. मी त्यांच्या समोर बसले, चेहऱ्याच्या अगदी जवळ, आणि म्हणाले, “बाबा, तुम्ही.”

त्यांनी ऐकलं. मला वाटतं ओठांवरून आधी कळलं आणि मग ऐकलं. ते पुन्हा रेकॉर्डिंगकडे वळले, म्हणजे नजर खाली घालून बसले. अभंग संपेपर्यंत बसले. बुवांच्या आवाजात कुठेतरी ‘घ्या’ म्हणून हाक आली, तशी ते नेहमी बाबांना देतात, आणि त्यानंतर डाव्या हाताचा तो मेलेला आवाज आला. बाबांनी हेडफोन काढला, तो सरळ केला आणि माझ्या हातात दिला.

“मगे माका कोणी सांगूक नाय?”

लोकांचं तुमच्यावर प्रेम आहे म्हणून, हे खरं होतं, पण त्या क्षणी ते फार कुचकं वाटलं असतं. आईच पुढे आली आणि म्हणाली की तुम्हाला सांगितलं तरी ऐकू कुठे येणार होतं. हे इतकं निर्दय आणि इतकं तिच्यासारखं होतं की बाबा हसले. मग ती त्यांच्या शेजारी पलंगावर बसली आणि फडक्याने उगाचच त्यांचा चष्मा पुसत राहिली. मला तेव्हा ती दोघं इतकी आवडली की मी उठून हेडफोन आवरायला लागले, कारण नाहीतर मी रडले असते.

कानाच्या डॉक्टरांनी एक लोखंडी चिमटा वाजवून बाबांच्या कानासमोर धरला. बाबांनी मान हलवली, येत नाही. तोच चिमटा कानामागच्या हाडावर टेकवला. बाबा म्हणाले, येतो, चांगला गोड येतो. डॉक्टर म्हणाले की कानाच्या आतली बारीक हाडं आखडली आहेत, बाहेरचा आवाज आत पोचत नाही, पण आतला कान शाबूत आहे. मशीन लावलं तर पुष्कळ फरक पडेल. अशा माणसाला स्वतःचा आवाज मात्र मोठा ऐकू येतो, म्हणून तो हळू बोलायला लागतो, असंही त्यांनी सांगितलं. यावर आई खट्टू झाली. गेली दोन वर्षं बाबा खालच्या आवाजात बोलत होते आणि तिला वाटत होतं, वयाबरोबर माणूस निवळला.

माझ्या हेडफोनच्या ज्ञानाची मात्र त्या दिवशी चांगली जिरली. जो हेडफोन मी बासचा दुष्काळ म्हणून डब्यात टाकला होता, त्यातच बाबांना आपली मेलेली धूम ऐकू आली. माझे कान उघडे म्हणून मला तिथे नुसत्या गुदगुल्या, त्यांचे कान आतून बंद म्हणून त्यांना अख्खा बास. बास हेडफोनात असतो, ही माझी आतापर्यंतची समजूत होती आणि त्या समजुतीवर मी मालकाशी वर्षानुवर्षं भांडले होते. मालकांना मी अजून हे सांगितलेलं नाही.

मशीन मापाचं बनून यायला वेळ लागणार होता आणि परळची डबलबारी त्याच्या आधी होती. तारीख बाबांना ठाऊक झाली होती, पण त्यांनी तो विषय काढला नाही. चिंचपोकळीवाल्याचं त्यांना कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही, पण त्यांना कळलं असावं. लालबागमध्ये कमी ऐकू येणाऱ्यालाही कळतं. बुवांना मी डॉक्टरांकडे जाऊन आल्याचं सांगितलं. ते म्हणाले, येत्या गुरुवारी त्यांना खाली आणा, नुसते बसायला तरी.

गुरुवार आला. आईने दुपारी मला हळूच विचारलं, गोळा काढू की नको. मी म्हटलं, काढ. ती म्हणाली, केवढा? तिने लिंबाएवढा काढला, मग त्यात थोडी भर घातली, मग ती भर पुन्हा काढून घेतली. बाबांनी तो रुमालात गुंडाळला आणि आम्ही लिफ्टने खाली आलो.

हॉल भरलेला होता. सगळे नको तितक्या मोठ्याने आणि नको तितक्या प्रेमाने बोलत होते, आजारी माणसाशी बोलतात तसं. बाबा आपल्या जागी बसले, पखवाज पुढ्यात घेतला, उजवी बाजू हातोडीने ठोकून पाहिली. मग कणकेचा एक तुकडा तोडून त्यांनी डाव्या बाजूला थापला आणि हात मारला. मग बुवांकडे बघितलं. बुवा पेटीवर बोटं ठेवून बसले होते. त्यांनी मान डोलावली, छान, छान.

बाबांनी आणखी थोडी कणीक लावली. हात मारला. बुवांकडे बघितलं. बुवांनी पुन्हा मान डोलावली. आता मला शेवटच्या खुर्चीवरही कळत होतं की आवाज बसत चालला आहे. बाबांनी आणखी एक चांगला मोठा तुकडा घेतला आणि बुवांच्या डोळ्यांत डोळे घालून तो थापला. थप्प.

बुवांनी मान डोलावली नाही. त्यांचा चेहरा लाल झाला होता. अखेर त्यांनी पेटीवरचा हात उचलला आणि नकारार्थी हलवला. “जास्त झाली,” ते म्हणाले, आणि बाबांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणाले, “जास्त झाली, काका. काढा.”

बाबांनी बोटाने कणीक काढली. हात मारला. बुवा म्हणाले, अजून. बाबांनी अजून काढली. असं तीन-चारदा झालं, आणि मग एका थापेला जमिनीतून, खुर्चीच्या पायातून, माझ्या पोटात ती धूम आली. झांजवाल्यांपैकी कुणीतरी नकळत ‘हां’ म्हणालं. बाबांना ती कितपत ऐकू आली, मला माहीत नाही. ते पखवाजाकडे बघतच नव्हते. ते बुवांच्या तोंडाकडे बघत होते, आणि बुवांच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

“परळाक मीच बसतलंय,” बाबा म्हणाले. “कणीक तू बघायची. आणि चुकलंय तर असाच सांगायचा, सगळ्यांसमोर.”

“तुम्हाला?” बुवा म्हणाले.

“मगे कोणाक? तुका मी सगळ्यांसमोरच शिकवलंय मा?”

बुवांनी बाहीने डोळे पुसले आणि पेटीचा भाता उघडला.